फोटोच्या पाठीवर लिहून ठेवा

गेल्या पितृपंधरवड्यातली गोष्ट. गावातलाच एक मुलगा संध्याकाळी घरी आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन फोटो. एक आजोबांचे निवडणुकीचे ओळखपत्र. दुसरा कुणाच्या तरी लग्नातला, त्यात पंगतीला वाढताना त्याची आजी दिसत होती, निम्मे तोंड पदरात.

"गुरुजी, दोघांचा एक जोडफोटो करून द्या. आजोबांना फेटा बांधा, आजीचा पदर नीट करा. मागं निळा रंग टाका. आणि आजोबांना जरा हसतं करा."

निवृत्तीनंतर संगणकावर फोटो दुरुस्त करायचा नाद मला लागला, हे आता काटेवाडीत आणि आसपास सगळ्यांना माहीत झाले आहे. त्यामुळे अशी मंडळी येत असतात. मी दोन संध्याकाळी बसून त्याचे काम केले. फेटा बांधला, पदर सारखा केला, दोघांना शेजारी बसवले. हसू मात्र आणले नाही. ओळखपत्राच्या फोटोत ते नव्हतेच, मी कुठून आणणार?

फोटो पाहून मुलगा खूश झाला. पण तो गेल्यावर माझ्या डोक्यात नेहमीचा किडा वळवळायला लागला. हे दोघे नवरा-बायको पन्नास वर्षे एका घरात राहिले, पण फोटोला एकत्र कधी बसले नाहीत. आता ते भिंतीवर शेजारी शेजारी बसतील. आणखी चाळीस वर्षांनी त्यांचा पणतू म्हणेल, "हे बघा, आमचे पणजोबा फेटा बांधून स्टुडिओत गेले होते." मी जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, पुरावा पुरावा म्हणून फळा झिजवला. आणि म्हातारपणी खोटे पुरावे तयार करण्याचा कारखाना काढला की काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो. त्यात जे सापडले ते आज वाचकांसमोर ठेवतो. शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे. खरे तर तिच्यासाठीच हे सगळे लिहायला बसलो आहे.

आधी हे काम कसे चालते ते सांगतो. फोटोवर ओरखडा आहे, बुरशीचा डाग आहे. प्रोग्रॅममध्ये क्लोन नावाचे हत्यार असते. कळ दाबून धरायची, डागाशेजारच्या चांगल्या जागेवर टिचकी मारायची, आणि मग डागावर ब्रश फिरवायचा. शेजारची चांगली जागा जशीच्या तशी डागावर उमटत जाते. कापडाला रफू करणारे कारागीर पूर्वी असत, त्यांची आठवण येते. रफू करणारा बाहेरचा धागा वापरत नाही. त्याच कापडाच्या शिवणीतून धागा काढतो आणि भोक भरतो. म्हणून ते दिसत नाही.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. डागाखाली मुळात काय होते हे क्लोनला ठाऊक नसते. शेजारी जे आहे तेच इथेही असणार, असे धरून तो चालतो. भिंत असेल तर भिंत, माती असेल तर माती. बहुतेक वेळा ते बरोबर येते. कधी कधी येत नाही.

आता इतिहासाकडे वळू.

पुष्कळांना वाटते की फोटोतली फिरवाफिरवी संगणकाबरोबर आली. तसे मुळीच नाही. फोटोची कला जगापुढे आली १८३९ मध्ये, आणि जोडकाम तिच्या मागोमाग वीस वर्षांच्या आत आले. त्याला एक साधे कारण होते. त्या काळच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग फार लवकर लागे. जमीन नीट उमटावी म्हणून वेळ दिला की आकाश जळून पांढरेफटक होई, आणि आकाश सांभाळले की जमीन काळी पडे. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची काच वेगळी, ढगांची काच वेगळी, आणि दोन्ही एका कागदावर छापायच्या. लोक त्या चित्रांवर खूश झाले. १८५७ मध्येच इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसहून अधिक काचा जोडून एक भलेमोठे चित्र केले. सन्मार्ग आणि कुमार्ग अशा दोन वाटांपुढे उभे असलेले दोन तरुण, असा त्याचा विषय. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. जोडून केले आहे हे रेलँडरने लपवले नव्हते. हे विसरू नका, पुढे लागणार आहे.

आपली मुंबई यात मागे नव्हती. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. दुसऱ्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे पुण्या-मुंबईची रेल्वे पुरी व्हायच्या आधी मुंबईची मुले फोटो काढायला शिकत होती!

याच सोसायटीच्या संस्थापकांत विल्यम जॉन्सन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मुंबईत दिसणाऱ्या नाना जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढले आणि पुढे लंडनहून दोन खंडांचे पुस्तक प्रसिद्ध केले, 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. दुसरा खंड महाराष्ट्रातल्या लोकांवर आहे. फोटो असलेल्या अशा पुस्तकांत हे फार जुने आणि नावाजलेले. पण त्यातली गंमत अशी, की त्यातली माणसे एकीकडची आणि मागचा देखावा दुसरीकडचा. माणसांचे फोटो आधी वेगळे काढलेले. मग त्यांच्या आकृती कापून देवळाच्या, रस्त्याच्या किंवा रानाच्या फोटोवर बसवलेल्या. नीट पाहिले तर माणसांवरचा उजेड एका बाजूचा आणि मागच्या देखाव्यावरचा दुसऱ्या बाजूचा, असे काही ठिकाणी दिसते. पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटत नाहीत.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळची ही चित्रे. त्यांतला पोशाख खरा, दागिने खरे, चेहरे खरे. पण ती माणसे त्या जागी उभीच नव्हती. उद्या एखाद्याने त्या चित्रावरून 'अमुक जातीचे लोक तमुक देवळापाशी बसत' असे लिहिले तर? पुरावा म्हणून फोटो दाखवता येईल आणि विधान मात्र साफ चुकीचे असेल.

म्हणजे मी जे आजी-आजोबांचे केले ते जॉन्सनसाहेबांनी दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. एवढा फरक खरा, की माझ्या फोटोतली माणसे एकमेकांची होती. त्यांच्या फोटोतल्या माणसांना आपण कुठे उभे केले गेलो याचा पत्ताही नसेल.

जोडकामाचा दुसरा एक प्रकार भक्तीचा आहे. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींचे मोठे ठाणे आहे. मुंबईचे गुजराती व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. तिथले चित्रकार देवाचे चित्र काढत, देवापुढे हात जोडून उभे असलेले यजमान आणि त्यांचे कुटुंब काढत, आणि यजमानांच्या धडावर त्यांच्या खऱ्या फोटोतला चेहरा कापून चिकटवत. अंग रंगाचे, तोंड फोटोचे. याला कुणी फसवणूक म्हणत नसे. आम्ही देवापुढे उभे होतो, एवढेच त्याला सांगायचे असे. आपल्याकडे पंढरपूरच्या वारीत आणि गावोगावच्या जत्रांत हेच दुसऱ्या रूपात होते. विठोबाच्या रंगवलेल्या पडद्यापुढे म्हातारा-म्हातारी उभी राहत. पडद्यावर मोटार किंवा विमान असेल तर तरुण पोरे त्याच्यापुढे ऐटीत फोटो काढून घेत. विमान खरे नाही हे फोटोवाल्याला ठाऊक, पोराला ठाऊक आणि बघणाऱ्यालाही ठाऊक. जिथे तिघांनाही ठाऊक आहे तिथे लबाडी कसली?

दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण घ्या. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा केला. १९१२ च्या सुमारास त्यांनी वाटाण्याचा अंकुर वाढतानाचे फोटो रोज थोडे थोडे घेऊन एक छोटा चित्रपट केला. अनेक दिवसांची वाढ डोळ्यांदेखत व्हायची. 'लंकादहन' या १९१७ च्या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. 'कालियामर्दन' मध्ये, म्हणजे १९१९ साली, कृष्ण झाली ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. कॅमेऱ्याच्या करामतींवर फाळक्यांचा हातखंडा होता, आणि लोक पैसे देऊन त्या बघायला जात. नाटकातला राजा खरा राजा नसतो हे कळणाऱ्या प्रेक्षकाला ही करामतही कळत होती.

मग तालुक्याच्या गावातले स्टुडिओ आले. माझ्या लहानपणी बारामतीला जाऊन फोटो काढणे म्हणजे सणच. आंघोळ, पावडर, उसना कोट. स्टुडिओत एक माणूस खिडकीपाशी तिरक्या फळीवर निगेटिव्ह ठेवून टोकदार शिसपेन्सिलीने त्यावर बारीक बारीक टिपके देत बसलेला असे. मला वाटे तो चित्र काढतो. मोठेपणी कळले. निगेटिव्हवर सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची देवीची खूण कागदावर काळी येते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती जागा पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचा टिपका दिला की कागदावर ती खूण फिकी पडते. एका टिपक्यात देवीचे व्रण जात, दोन टिपक्यांत डोळ्यांखालची काळी वर्तुळे जात. छापलेल्या कागदावर पांढरे ठिपके राहिले तर ते अगदी बारीक कुंचल्याने भरत. मोठा फोटो हवा असेल तर एन्लार्जमेंट काढून त्यावर हाताने काम करत, गालाला गुलाबी, लुगड्याला हिरवा, जरीला पिवळा रंग देत.

आणि जोडफोटो? तोही होत असे. दोन वेगवेगळे फोटो योग्य मापात मोठे करायचे, माणसे कात्रीने कापायची, कडा पाठीमागून घासून पातळ करायच्या म्हणजे सावली पडत नाही. मग एका पुठ्ठ्यावर चिकटवून सांधे रंगाने बुजवायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. या शेवटच्या पायरीला 'कॉपी काढणे' म्हणत. कॉपी निघाली की सांधे नाहीसे झाले. आमच्या भागातल्या जुन्या घरांत दारावर जे आजी-आजोबा दिसतात, त्यांतले कितीतरी असे कात्रीने शेजारी आणलेले आहेत. नवरा बाविशीत गेलेला आणि बायको सत्तरीची, अशीही जोडी मी पाहिली आहे. आई आणि मुलगा वाटावा असा फोटो, पण घरात कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हते.

खेड्यात फोटोच कमी होते, हे यामागचे मोठे कारण. बाप्याचा एखादा तरी निघे, बायांचा तेवढाही नाही. १९९३ मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना मतदारांना फोटोचे ओळखपत्र द्यायचा आदेश निघाला. त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा आयुष्यातला पहिला फोटो निघाला, आणि कित्येकांचा तोच शेवटचा ठरला. आज तेराव्याला हार घातलेला जो फोटो दिसतो तो पुष्कळदा ओळखपत्रावरून मोठा केलेला असतो. सरकारने मतासाठी काढलेला फोटो घराने देवघराशेजारी लावला.

आता संगणकाची हकीकत थोडक्यात. टॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी फोटोशॉप तयार केले आणि १९९० च्या फेब्रुवारीत ते बाजारात आले. जॉनने आपल्या होणाऱ्या बायकोचा समुद्रकिनाऱ्यावर पाठमोरा बसलेला फोटो काढला होता, तोच घेऊन तो लोकांना प्रात्यक्षिके दाखवी. त्या पहिल्या आवृत्तीतच क्लोन होता, त्याचे नाव तेव्हा रबर स्टॅम्प होते. म्हणजे हे हत्यार पहिल्या दिवसापासूनचे. २००२ मध्ये डाग भरताना आजूबाजूचा उजेडही जुळवून घेणारा ब्रश आला. २०१० मध्ये आणखी पुढची पायरी आली, नको त्या वस्तूभोवती रेघ मारा, जागा आपोआप भरली जाईल. मी वापरतो ते गिंप. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यार्थ्यांनी केलेले आणि १९९६ पासून सगळ्यांना फुकट मिळणारे. पेन्शनरला तेच बरे. त्यातही क्लोन आहेच. आणि २०२१ पासून तर फोटोतली माणसे पुसून टाकायची सोय मोबाइलमध्येच आली, बोट लावले की माणूस गायब.

वापर मात्र सगळेच भक्तीने किंवा मायेने करत नाहीत. सोव्हिएत रशियात स्टालिनबरोबर कालव्याच्या काठाने चालणारा येझोव्ह हा त्याचा पोलीसप्रमुख. त्याला १९४० मध्ये मारले आणि पुढे त्या फोटोतूनही पुसले. तो होता तिथे पाणी आले. कुणी जोडले-पुसले हे लोकांना सांगितले नव्हते, ते कळू नये म्हणूनच सगळे केले होते. १९८२ मध्ये नॅशनल जिओग्राफिक या प्रतिष्ठित मासिकाने मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून इजिप्तचे पिरॅमिड संगणकावर जवळ जवळ आणले. त्यात दुष्टावा काहीच नव्हता, पण जगभर ओरड झाली. वाचक म्हणाले, तुमच्यावर आमचा विश्वास होता.

रेलँडरने तीस काचा जोडल्या तेव्हा सांगून जोडल्या. जत्रेतले विमान सगळ्यांना ठाऊक होते. पिरॅमिड मात्र न सांगता हलवले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडले असे वाटते. फोटो जोडला की नाही, पुसला की नाही, हा खरा मुद्दा नाही. बघणाऱ्याला ते कळायची सोय ठेवली की नाही, हा मुद्दा आहे.

हे तत्त्व मला आज सुचते. बारा-तेरा वर्षांपूर्वी सुचले नाही. आता माझी चूक सांगतो.

आमच्या भागात एक स्मरणिका काढायचे ठरले आणि जुने फोटो गोळा करायचे काम माझ्याकडे आले. एका घरातून १९७२ च्या दुष्काळातला एक फोटो मिळाला. नव्या वाचकांसाठी सांगतो. ७२ चा दुष्काळ म्हणजे आमच्या पिढीच्या अंगावरचा डाग. बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात विहिरी आटल्या होत्या. माणसे घरदार सोडून दुष्काळी कामावर गेली. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. बराशी खणायच्या, खडी फोडायची, पाट्या टाकायच्या. तिथे सुकडी मिळे. बाया तान्ह्या पोरांना झाडाखाली झोळीत टाकून काम करत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे सबंध देशाने तिचे अनुकरण केले. या सगळ्याचा पाया घातला तो पाट्या टाकणाऱ्या हातांनी.

तो फोटो एका पाझर तलावाच्या कामाचा होता. पाहणीला आलेली मंडळी खुर्च्यांवर बसली होती, गळ्यात हार. मागे मातीचा बांध. फोटो पिवळा पडला होता आणि उजव्या कडेला बुरशीचा मोठा डाग होता. त्या डागात एक बाई उभी होती. डोक्यावर घमेले, कासोटा घातलेला. चौकटीत निम्मीच आलेली. फोटोवाल्याने तिचा फोटो काढलाच नव्हता, ती नकळत आत आली होती. मान वळवून कॅमेऱ्याकडे बघत होती.

मी आधी डाग साफ करायला लागलो. तिच्या लुगड्यावरचा डाग जाईना. मग मला वाटले, नाहीतरी अर्धी बाई कडेला वाईटच दिसते. शेजारच्या बांधावरची माती आणि दगड घेतले आणि तिच्यावर फिरवले. पंधरा मिनिटांचे काम. फोटो स्वच्छ झाला. स्मरणिकेत छान छापून आला. लोकांनी शाबासकी दिली. मला त्यात काही चुकते आहे असे वाटलेसुद्धा नाही. आणि फाइल मी मूळ फाइलवरच सेव्ह केली. तेव्हा नवीन शिकलो होतो, मूळ वेगळे ठेवावे एवढी अक्कल नव्हती. फोटोच्या मालकांना मी स्वच्छ प्रत फ्रेम करून दिली. त्यांनी ती भिंतीला लावली आणि जुना पिवळा फोटो दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिला. गुरुजींनी नवा करून दिल्यावर जुना कशाला ठेवायचा?

तीन वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. पुण्याला नोकरी करतो. म्हणाला, "गुरुजी, त्या दुष्काळाच्या फोटोत कडेला माझी आजी आहे म्हणतात. आईनं लहानपणी कुणाकडं तरी पाहिला होता. स्मरणिकेत शोधला तर तिथं नुसती माती दिसती. तुमच्याकडं मोठा फोटो असंल. आजीचा दुसरा एकही फोटो नाही."

ती बाई ओळखपत्राच्या काळापर्यंत जगली नव्हती.

काय होणार हे माहीत असूनही मी फाइल उघडली. पडद्यावर मोठी करून पाहिली. उजव्या कडेला एक तिरपा दगड होता. तोच दगड जरा वर पुन्हा होता, आणि त्याच्या वर पुन्हा. क्लोनची हीच खूण, तीच वस्तू दोन-तीनदा येते. ते तीन दगड जिथे होते तिथे त्याची आजी उभी होती. तिने बांधावर टाकलेली माती मी तिच्यावर टाकली होती.

मी त्याला खरे सांगितले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते. दुसऱ्या आठवड्यात तो आईला घेऊन आला. साठीच्या बाई. चहा झाला. मी म्हणालो, "ताई, एक करता येईल. तुमचा चेहरा आईवर गेला असेल तर तुमचा फोटो घेऊन मी त्या जागी बसवून देतो. घमेलं, लुगडं, सगळं करता येईल."

त्या थोडा वेळ फोटोकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नगं गुरुजी. मग त्यो माझाच फोटू हुईल, आईचा न्हाई."

इतिहासाचे एवढे स्पष्ट वाक्य मला चाळीस वर्षांच्या नोकरीत सुचले नव्हते.

पेन्सिलीने फोटो सुधारणारा स्टुडिओवाला देवीचे व्रण पुसत होता, माणूस ठेवत होता. मी माणूस पुसला आणि खुर्च्या ठेवल्या. मी कुणी स्टालिन नव्हे. माझ्या मनात त्या बाईविषयी वाईट काही नव्हते. ती माझ्या मनात नव्हतीच. खुर्चीवर बसलेल्यांचे फोटो आणखी दहा ठिकाणी मिळतील. कडेला उभ्या असलेल्यांचा तेवढा एकच असतो. म्हणून फोटोची कड हा फोटोतला सगळ्यांत जपून ठेवायचा भाग, हे मी फार उशिरा शिकलो.

यंदा तुकोबांची पालखी काटेवाडीला आली. परीट मंडळींनी धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्यांचे रिंगण झाले. शेजारचा मुलगा मला मोबाइल दाखवत होता. त्याने रिंगणाचा फोटो काढून त्यातली गर्दी पुसली होती. पालखी, मेंढ्या आणि तो. "भारी आलाय ना?" भारी आला होता, खोटे कशाला बोलू. पण मी म्हटले, मूळचा ठेवलास का? शंभर वर्षांनी कुणी बघितला तर म्हणेल, काटेवाडीत पालखीला माणसेच येत नव्हती. तो हसला. मूळचा फोटो होता, एवढे समाधान.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. कुणाला उपयोगी पडतील म्हणून देतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काम नेहमी प्रतीवर. जुना फोटो परत देताना घरच्यांना बजावून सांगायचे की हा टाकू नका, नव्या फोटोच्या मागे पाकिटात ठेवा. डाग काढायचे, पण कडा कापायच्या नाहीत आणि कडेची माणसे, जनावरे, हात, सावल्या तशाच ठेवायच्या. आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर लिहायचे. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नको, त्याचा दाब पुढे उमटतो. हल्लीच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर ठेवायची. कोण, कुठे, केव्हा, आणि आपण काय बदलले.

दुष्काळाच्या त्या फोटोच्या प्रतीमागे मी आता लिहून ठेवले आहे, उजव्या कडेला डोक्यावर घमेले घेऊन एक बाई उभी होती, ती मी पुसली. खाली तिचे पूर्ण नाव लिहिले आहे आणि माझी सही केली आहे. फोटोच्या मालकांच्या भिंतीवर जी फ्रेम आहे तिच्या मागेही तीच चिठ्ठी लावून आलो. बाईंचे नाव इथे देत नाही, घरच्यांना ते नको आहे. पण जिथे असायला हवे तिथे ते आहे.

पितृपंधरवड्यात आलेल्या मुलाच्या जोडफोटोमागेही चिठ्ठी लावली. "आजोबा ओळखपत्रावरून, आजी लग्नातल्या फोटोवरून. फेटा दुसऱ्याचा. दोघे फोटोला एकत्र कधी बसले नव्हते." ती वाचून मुलगा जरा हिरमुसला.

"मागं कोण बघतंय गुरुजी?"

मी म्हटले, "अरे, काच फुटली की बघतात."